तवा तापला, शेफ बेपत्ता

घरात सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी कसं वाढायचं? मला याचं उत्तर येत नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, पण हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नाही.

माझी आई भाकरी करते, माझे वडील, म्हणजे अण्णा, आणि मी तव्यावरची गरम गरम खातो, आणि सगळं आवरल्यावर ती टोपलीतली गार भाकरी घेऊन बसते. "तू आधी बस" म्हटलं की म्हणते, "मग तवा कोण बघंल?" म्हणून छत्रपती संभाजीनगरात जपानी तेप्पान्याकी हॉटेल निघालंय हे कळल्यावर मी हरखलेच. तिथं भला मोठा लोखंडी तवा टेबलातच बसवलेला असतो. आपण त्याच्याभोवती बसायचं आणि शेफने समोर उभं राहून, करत करत थेट आपल्या ताटात वाढायचं. म्हणजे तवा दुसरं कुणीतरी बघणार आणि आई फक्त खाणार! शिकवणीचा पहिला पगार हातात पडताच मी टेबल राखून ठेवलं. अण्णांना फक्त "वेरूळला जाऊ, येताना जेवू" एवढंच सांगितलं.

शनिवारी सकाळी गंगापूरहून एसटी धरली. जीपही मिळते, पण तिच्यात पाय कुणाचे आणि कुठं हे उतरेपर्यंत कळत नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे कंडक्टर पुढे जाताच अण्णा म्हणाले, "बघा, तुम्ही दोघी अर्ध्या. पूर्ण मी एकटाच."

"पूर्ण असताल तर पिशवी धरा," आई म्हणाली.

पिशवी जड होती. आत काय आहे ते मला वेरूळच्या बसमध्ये कळलं: दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे. मी दम दिला, "आई, संध्याकाळपर्यंत ही पिशवी उघडायची नाही. भूक राखून ठेव."

लेणी मंगळवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवा. सकाळी लवकर पोचा, दुपारी दगड पायांखाली तापतो. आणि दौलताबादच्या वेशीत गाड्या हमखास अडकतात. तो वेळ पेरू खाण्यात घालवावा. कैलास लेण्यासमोर मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, की हे सगळं वरून खाली कोरत आणलंय, पिढ्यान्‌पिढ्या लोक राबले. आई बराच वेळ मान वर करून बघत होती. मग म्हणाली, "एवढ्या लोकांच्या भाकरी कोण थापीत असंल गं?"

शेजारचा गाइडसुद्धा वळून आईकडे बघायला लागला.

संध्याकाळी शहरात परतलो. बसस्टँडवरून रिक्षा केली, उस्मानपुऱ्याच्या पुढे उतरलो. दारात कागदी कंदील, आत गारवा. वेटरने आम्हाला तव्यासमोरच्या उंच खुर्च्यांवर बसवलं. आईचे पाय लटकत होते. मेन्यूवर लिहिलं होतं, "आमचा शेफ, फक्त तुमच्यासाठी." मी ऑर्डर दिली. वेटरने तव्याखालचा गॅस पेटवला आणि तो गेला. गेला तो गेलाच.

शेफ होता, पण पलीकडच्या तव्यावर. तिथं एका मुलीचा वाढदिवस चालला होता. शेफ कांद्याच्या चकत्यांचा डोंगर रचून त्यातून जाळ काढायचा, सगळे ओरडायचे, मग कुणीतरी म्हणायचं, "रील नीट आली नाही, परत करा ना." आणि तो परत कांदा रचायचा. आमचा वेटर मधूनच येऊन "पाणी साधं का बाटलीचं?" एवढंच विचारून जायचा. एकदा तर त्याने विचारलं, "मॅडम, ऑर्डर दिया क्या?" तोवर अण्णांनी चॉपस्टिकचा उपयोग शोधून काढला होता. ते पाठ खाजवत होते.

आई मात्र अस्वस्थ. तिचा डोळा तव्यावरून हलेना. "रिकामा तवा तापत ठेवत नसतेत गं. घराला बरं नसतं."

"आई, हे आपलं घर नाही."

"कुणाचं तरी आहेच की."

तिला थोपवायच्या आत तिने पाण्याचा ग्लास उचलून तव्यावर शिंपडला. फस्सकन वाफेचा असा लोट उठला की अण्णा दिसेनासे झाले. पलीकडच्या तव्यावरच्या मंडळींना वाटलं, इकडे नवा खेळ सुरू झाला. टाळ्या पडल्या. सगळे मोबाइल आमच्याकडे वळले.

मी तडक मॅनेजरकडे गेले. ग्राहकाचे हक्क, दिलेला शब्द, सेवा म्हणजे काय, सगळं सांगितलं. "मॅडम, वीकेंड है, थोडा अ‍ॅडजस्ट करो," तो म्हणाला. मी म्हटलं, "गेली कित्येक वर्षं माझी आई अ‍ॅडजस्टच करतेय, म्हणून तर इथं आणलं!" शेजारच्या टेबलावरच्या काकूंनी मान डोलावली. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "त्याच का तुझ्या आई?"

वळून पाहिलं तर आई शेफच्या जागी उभी. तव्यावर दशम्या ओळीने मांडलेल्या. शेफचं उलथणं हातात. वाढदिवसाची सगळी पलटण तव्याभोवती, आणि अण्णा चटणी वाटतायत.

मॅनेजर धावला. "अम्मा, ये क्या! बाहर का खाना अलाउड नहीं!"

"तुमी जेवलात का?" आईने विचारलं.

तो थबकला. "सुबह से टाइम नहीं मिला."

"मग घ्या की."

त्याने घेतली. आता प्रेक्षकच उरले नाहीत म्हटल्यावर शेफही टोपी सावरत आला. "अम्मा, ये मेरा तवा है."

"तुझा व्हय? मग इतका वेळ कुठं होतास रं?"

पोरगा हसला, "सॉरी अम्मा," म्हणाला आणि कामाला लागला. भात परतला, भाज्या उडवल्या आणि पहिलं वाढप, न विचारता, अण्णांच्या ताटात. दुसरं माझ्या. आई उभीच. वाढदिवसाच्या मुलीला आणखी चटणी हवी होती. आई खुर्चीवर बसली तेव्हा शेफ आवरायला लागला होता आणि तिच्या वाट्याचा भात गार झाला होता. मी रडकुंडीला आले. ती मात्र मिटक्या मारत म्हणाली, "चांगलाय की."

बिलात "लाइव्ह शो" असा वेगळा आकार होता. अण्णा मॅनेजरला म्हणाले, "शो तर हिनं केला, साहेब." त्याने मुकाट्याने ती ओळ खोडली.

जावं का तिथं? भात बरा आहे, सोबत वाढदिवस असेल तर सेवाही मिळते. परतीच्या बसमध्ये आईने आपलं मत दिलं, "तवा लई मोठा. पण माणूस जागेवर नाय." मी एका ताऱ्याचा परखड अभिप्राय लिहायला घेतला होता, तो अर्ध्यातच सोडला. कारण शेफने जे केलं, तेच मी घरी रोज करत आले होते. माझा तवाही आजवर आईच बघत होती.

परवा रविवारी मी गॅसची शेगडी ओट्यावरून काढून बाहेरच्या टेबलावर आणली. आईला समोर बसवलं, अण्णांना थांबायला सांगितलं. पहिली भाकरी मी थापली. आकार विचारू नका. फुगल्यासारखी दिसली तशी आईच्या ताटात टाकली. तिने तुकडा मोडला, तव्याकडे पाहिलं आणि उठायला लागली. "तवा रिकामा आहे गं."

मी गॅस बंद केला. ती परत बसली आणि जेवली.