मच्छरदाणीच्या पलीकडे हमिदा

झोपायचं नाही, असं मी सकाळपासून स्वतःला बजावते आहे. तरी जेवण झाल्यावर पडवीतल्या चटईवर पाठ टेकते आणि पापण्या जड होतात. शेजारी ज्योत्स्ना घोरते आहे. मागच्या दारी घरमालकीण भांडी घासते आहे. त्या आवाजाकडे कान लावून ठेवायचे, म्हणजे डोळा लागणार नाही.

आम्ही मैत्रिणी दर हिवाळ्यात शनिवार-रविवार गाठून शास्त्री नदीत कयाक चालवायला येतो. दिवसभर वल्हवायचं, संध्याकाळी मासे खायचे, गप्पा मारत झोपायचं. मागच्या हिवाळ्यात याच घरात, आतल्या खोलीत, हमिदा पारकर झोपेतच गेली. माझ्या शेजारच्या खाटेवर. रत्नागिरीत ती लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे सोडवायची. आमच्यात सगळ्यात दणकट तीच. सकाळी चहा घेऊन मी तिला हलवलं, तर हात गार. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, पहाटेच कधीतरी.

तेव्हापासून मी झोपेला भिते. डोळा लागलाच तर दचकून उठते आणि अंथरुणात शेजारी चाचपडते. नवरा म्हणतो, "अगं, मी आहे." तो आहे हे मला कळतं. पण मला दुसरंच काहीतरी विचारायचं असतं, आणि ज्या बाईला विचारायचं ती उरलेली नाही. तिनं मला हाक मारली होती का?

मागच्या दारचा आवाज पातळ होत जातो. आता भांडं नाही, वल्हं आपटतंय पाण्यावर. टप्. टप्.

मी दोघींच्या कयाकमध्ये मागच्या जागेवर बसले आहे. पुढे हमिदा. नारिंगी जॅकेट, मानेवर सुटलेला अंबाडा. ती वळून बघत नाही.

"डावीकडून घे गं," ती म्हणते. "आतली वाट सुरेख आहे."

"ओहोटी लागलीय, हमिदा. आत अडकू."

"लागू दे."

दोन्ही बाजूंनी कांदळवन जवळ येतं. पाणी उतरत जातं तशी झाडांची मुळं वर निघतात, बोटांसारखी, चिखलातून. कयाकचा तळ घासतो. मग थांबतो. मी वल्हं रोवून जोर लावते, ते चिखलात निम्मं जातं आणि परत येत नाही. पाय काढायला जाते, तर कयाक माझ्या मांड्यांना घट्ट बसली आहे, लहानपणीचा फ्रॉक घातल्यासारखी.

"हमिदा, मला निघता येत नाहीये."

"कुठे जायचंय तुला?"

मला आठवत नाही. लांबून ज्योत्स्ना हाक मारते आहे, "मुग्धा! ए मुग्धा!" पण तो आवाज बँकेतल्या माझ्या टेबलाकडून येतो. कांदळाच्या जागी लोखंडी कपाटं आहेत आणि त्यांच्यामधल्या बोळात माझी कयाक रुतली आहे. फरशीवर चिखल. काउंटरपलीकडे माणसं उभी आहेत. मी ओरडते, "मला कुणीतरी ओढा!" ते माझ्याकडे बघतात आणि आपला नंबर यायची वाट बघत राहतात.

"ओरडू नकोस," हमिदा म्हणते. "लोक झोपलेत."

ते खरंच झोपलेत. आतली खोली आहे ही. दोन खाटा. माझ्या खाटेला मच्छरदाणी लावली आहे आणि मी तिच्या आत आहे. पलीकडच्या खाटेवर कुणीतरी पाठमोरं निजलं आहे. एक लांब श्वास येतो. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक.

ही ती पहाट आहे. मला कळतं. आता उठलं पाहिजे.

मी मच्छरदाणीची कड शोधते. उशाशी नाही. पायथ्याशी नाही. जाळी हाताला लागते, ताणते, पुन्हा तोंडावर येते. मी नखांनी ओरबाडते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी मऊ आहे आणि फाटत नाही. पलीकडचा श्वास आता येत नाही. मी तिचं नाव घेते, पण घशातून नुसती हवा निघते.

"इकडे बघ," कुणीतरी म्हणतं.

हमिदा माझ्या खाटेच्या कडेला बसली आहे, जाळीबाहेर. समोरून, पहिल्यांदाच. चेहरा आहे तसाच, थोडा सुजलेला, झोपेतून उठल्यासारखा.

"तू हाक मारलीस का मला?" मी विचारते. आता आवाज फुटतो.

ती जाळीवरून बोट फिरवते.

"मारली असती तरी तू उठली असतीस का? मेल्यासारखी झोपायचीस."

"हमिदा, खरं सांग."

"नाही मारली. मला तहान लागली होती. तांब्या खिडकीत होता. उठायचा कंटाळा आला. म्हटलं, सकाळी पिऊ." ती खांदे उडवते. "एवढंच, मुग्धे. एवढंच झालं."

मी रडायला लागते. जाळी गालांना चिकटते. "मला बाहेर काढ."

"मी कशी काढू? कड गादीखाली खोचलीय. तूच बसलीयेस तिच्यावर."

मी खाली बघते. खरंच, जाळी माझ्याच मांडीखाली दबली आहे. मी सरकते आणि ती सैल होते. तिच्या खालून मी हात बाहेर काढते. आता नुसतं खाली उतरायचं. खाटेखाली पाणी चढतंय, काळं, गार. भरती लागली आहे आणि हमिदाच्या पायांशी कयाक डुलते आहे.

"मी येते," मी म्हणते. मला खरंच जायचं आहे. पुन्हा त्या जाळीत, पुन्हा त्या झोपेला घाबरत राहण्यापेक्षा.

"एकीचीच जागा आहे."

"दोघींची आहे! आपण दोघी..."

"मुग्धा." ती कधी नव्हे ते रागावते. "पाणी दे मला. मग जा."

माझ्या हातात भांडं आहे. कुठून आलं कळत नाही. मी ते तिच्यापुढे धरते. ती दोन्ही हातांनी घेते आणि घटाघटा पिते, मान मागे टाकून, लहान मुलासारखी. हनुवटीवरून ओघळ येतात. मी बघत राहते. इतकी तहान लागली होती तिला.

"अगं मुग्धा, ऊठ! चहा झालाय."

ज्योत्स्ना उभी आहे. अंगणात उन्हं तिरकी झाली आहेत. माझा गळा कोरडा आहे आणि चटईची नक्षी गालावर उमटली आहे.

"चक्क झोपलीस की तू," ती म्हणते, जरा जपूनच. "हाका मारत होते मघाशी. मग म्हटलं, झोपू दे."

मी उठून बसते. उशाशी स्टीलचं भांडं आहे.

"पाणी तू ठेवलंस?"

"छे. मी नाही ठेवलं."

मी ते उचलते. बाहेरून दोन्ही बाजूंनी वाळलेल्या चिखलाची बोटं उमटली आहेत. मी माझी बोटं त्यांवर ठेवून बघते. माझी लांब आहेत.

तळाशी एक घोट उरला आहे. ज्योत्स्ना काही बोलायच्या आत मी तो पिऊन टाकते. पाणी खारट लागतं.