वैशालीताई उभ्या राहतात तेव्हा

आमच्या ग्रुपमध्ये चहाला दोघं जमले तरी एक किस्सा निघतो, आणि तो संपायच्या आत तिसरा येऊन दुसरा सुरू करतो. मूळ मात्र सगळ्यांचं एकच, वैशालीताईंचा आलाप!

ताई अमरावतीत मॉडर्न डान्स बसवतात, पण शास्त्रीय गाण्यावर. मी त्यांचा साउंड सांभाळतो. तबला यायच्या आधीचा आलाप त्या जवळजवळ न हलता करतात. गायक स्वरावर थांबला की त्याही थांबतात. मग कधीतरी नुसतं मनगट वळतं आणि अंगावर काटा येतो. अडचण एवढीच, की तोवर आपल्याकडचे लोक मदतीला धावतात.

*

परतवाड्याला हॉलची सिस्टीम तिथल्याच ऑपरेटरच्या ताब्यात होती. ताई स्थिर उभ्या. त्याला वाटलं गाणं अटकलं. त्यानं तत्परतेनं वरातीचं गाणं लावलं. सगळा हॉल नाचला, ताई सोडून.

नंतर तोच नाराज. "म्याडम, तुमी तरी नाचाले पायजे होतं."

*

तिवशाला पुढच्या रांगेतल्या एक आजी पाण्याचा पेला घेऊन थेट स्टेजवर.

"चक्कर आली काय वं बाई?"

गायकाची मींड चालू होती, एका स्वरावरून दुसऱ्यावर सावकाश घसरत जाणारी. ताईंनी पेला घेतला आणि एक घोट त्या मींडेइतका लांबवला. तो घोट आता नाचात कायम आहे. पेला तेवढा काढला.

*

अकोल्याहून प्रणाली नवीन आली, हिपहॉपवाली. ताईंनी तिला पहिले काही दिवस नुसतं उभं केलं. शेवटी ती वैतागली, "ताई, उभं राहाले मी अकोल्याहून येऊन राह्यली काय?"

"बसमध्ये जागा मिळते का गं?"

"नाई."

"मग येता-येताच प्रॅक्टिस होते की तुझी."

*

ताईंचे वडील अंजनगाव सुर्जीचे, पानमळेवाले. अमरावतीच्या पहिल्या कार्यक्रमाला हौसेनं पहिल्या रांगेत बसले होते. आलाप चालू असताना त्यांनी मोठ्यानं विचारलं, "हे सुरू कवा होते?"

हॉल हसला. ते उठले आणि बस धरून गावी गेले. पुन्हा कधी आले नाहीत. ताई मात्र दर वेळी त्यांची खुर्ची राखून ठेवतात आणि स्टेजवरून उतरताच टाळ्यांचं सोडून मला विचारतात, "बाबा आले होते का?"

दर वेळी "नाही" म्हणताना मलाच कसंतरी होतं.

*

गेल्या महिन्यात अकोल्याला ताईंचा नवा कार्यक्रम होता. माझा मिक्सर पहिल्या रांगेच्या कडेलाच होता. पडदा उघडला, आलाप सुरू झाला, खुर्ची रिकामी. इतक्यात अंधारात एक धोतर चाचपडत आलं आणि त्या खुर्चीवर बसलं. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. बाबा आले होते!

ताई स्थिर. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. मागच्या रांगेतला एक जण पुढे वाकून म्हणाला, "काका, हे सुरू कवा होते?"

बाबांनी स्टेजवरची नजर हटवली नाही.

"कवाचंच झालं. चूप बस."