मोठ्या मायची सव्वा मूठ

कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आमच्या कोरीटच्या घरी गहू घेतात, तेव्हा घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ सुपात पडते. माझा पुतण्या आठ महिन्यांचा, तोंडात एक दात नाही, तरी त्याची मूठ असते. मूठ भरतात भाईदास तात्या, म्हणजे माझे वडील. मी बी.एस्सी. झालेला, म्हणून नावं वाचायचं अवघड काम माझ्याकडे.

यंदा मोठ्या मायने, म्हणजे माझ्या थोरल्या काकूने, आदल्या दिवशीच सांगून ठेवलं की तिचंही नाव यादीत लिहायचं. वय सदुसष्ट. मला वाटलं थट्टा. पण तिची थट्टा कुठे संपते ते मला हल्ली कळेनासं झालंय. चार वर्षांपूर्वी तिचे यजमान, आमचे मगन आप्पा गेले, तेव्हा ती सहा महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. ही आता उठत नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो. मग एका सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून मिरचीला पाणी द्यायला निघाली. मोटार चालू करायला मीच शिकवलं. आता मी चुकलो की तीच ओरडते. एकदा नंदुरबारहून परतताना चुकीच्या एसटीत बसली, थेट प्रकाशा तीर्थाच्या गावी उतरली, आणि घरी येऊन म्हणाली, दर्शनालाच गेले होते. बाई म्हातारी होतेय की उलटी चाललीय, मला ठरवता येत नाही.

तर यादीत आप्पांचं नाव असायचं त्या जागी मी वाचलं, "रेवाबाई." तिचं नाव मी पहिल्यांदाच तोंडाने घेत होतो.

तात्यांची मूठ गव्हातच राहिली. बाईच्या नावाने मूठ नसते, असं ते माझ्यावरच डाफरले. मग जरा नरमले, आप्पांचं नाव पुढे केलं. "वहिनी, दादाना नावनी टाकूत का?"

"त्या गयात, भाईदास. मी शे ना."

आप्पा गेले, ती आहे, एवढंच तिचं म्हणणं. मी यादीत तिच्या नावावर बोट धरून ठेवलं. मोठी माय उठली, पोत्यात हात घातला, मूठभर गहू सुपात सोडले आणि परत जाऊन बसली.

तात्या सुपाकडे बघत राहिले. ते सूप उपडं करतील असं वाटलं. पण त्यांनी थोडे गहू उचलले, तिच्या गव्हांवर टाकले आणि पुटपुटले, "सव्वा लागस."

हे मान्य झालं की नुसतं माप पुरं झालं, मला विचारू नका. तात्यांनी पुढे वाचायला सांगितलं. पुढचं नाव माझंच होतं.