ताईबाईनं दिलेली केस

इंग्लंडातले सहा वैद्यकीय विद्यार्थी भीमेकाठच्या सरकारी आरोग्य केंद्रात आठवडाभर राहणार, ही बातमी आली तेव्हा तिथली आया ताईबाई व्हरांडा पुसत होती. साल २००४. सोबत पुण्याचे सहा विद्यार्थी असणार होते. माणूस आजारी पडला की त्यांच्याकडं काय होतं आणि आपल्याकडं काय होतं, हे त्यांना ताडून बघायचं होतं; उन्हाळ्यात पुण्याचे सहा जण तिकडं जायचे होते. या सहांत समृद्धी होती, केंद्राचे डॉक्टर ज्ञानेश वाळके यांची मुलगी. एवढी केंद्रं सोडून पाहुणे इथंच का येत होते, हे वेगळं सांगायला नको.

ताईबाईनं फडकं पिळलं. याच डॉक्टरच्या हाताखाली तिनं आठ वर्षं काढली होती. बदली रद्द करून घेण्यात डॉक्टरांचा हात कोणी धरत नसे. तिचा मुलगा महेंद्र कोरेगाव भीमाच्या एका कंपनीत लागला होता. "आये, सोड की ती नोकरी," तो म्हणायचा.

"त्यो तितं हाय तवर मीबी हाय," ती म्हणायची.

जानेवारी १९९६ मध्ये तिची मुलगी राजश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सकाळी अकराला कळा सुरू झाल्या. घरापासून केंद्र चारशे पावलांवर. नर्स गिताबाई लसीकरणाला वडगाव रासाईला गेलेल्या. बाळंतपणाच्या खोलीला कुलूप, आणि किल्ली डॉक्टरांच्या खिशात, दौंडला. मंगळवार हा त्यांच्या दौंडच्या खासगी दवाखान्याचा वार. त्याआधी महिनाभर ताईबाईनं एक किल्ली केंद्रात ठेवा म्हणून विनवलं होतं. "आणि सामान उद्या तुमच्या वस्तीवर सापडलं तर?" डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले होते.

महेंद्रनं दगड उचलला. ताईबाईनंच त्याचा हात धरला. सरकारी कुलूप, नोकरी जाईल, वर चोरीचा आळ येईल. तासभर वाट बघून त्यांनी राजश्रीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून दौंडचा रस्ता धरला. पाटसच्या कारखान्याला निघालेल्या उसाच्या गाड्या पुलावर अडकल्या होत्या. आई आणि बाळ दोघंही पुलावरच गेली. मृत्यूच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं: नातेवाइकांचा हलगर्जीपणा.

पाहुणे आले. प्रत्येक जोडीला एक काम होतं. गावातली एक खरी केस घ्यायची, पहिल्या कळेपासून शेवटपर्यंत घड्याळ लावून मांडायची आणि शेजारी तीच बाई इंग्लंडात असती तर काय झालं असतं ते लिहायचं. समृद्धी आणि तिची गोरी जोडीदारीण चहाच्या वेळी ताईबाईकडं आल्या.

"मावशी, तुम्ही इथं सगळ्यात जुन्या. एखादी केस सांगा ना."

समृद्धी बावीस वर्षांची होती. गेली तेव्हा राजश्रीही बाविशीतच होती. ताईबाईनं तिच्याकडं नीट बघून घेतलं. पोरगी बरी होती. खाली बसून बोलत होती, कप स्वतः विसळत होती. एवढ्यानं मन बदलावं, असं ताईबाईला वाटलं नाही.

"एक बाई व्हती," ती म्हणाली. वार, वेळ, कुलूप, रस्ता, पूल, सगळं सांगितलं. नाव सांगितलं नाही. किल्ली कुणाकडं होती, तेही नाही.

"आणि किल्ली?" समृद्धीनं विचारलं.

"ते समद्यांम्होरं सांगते. लिवायला जागा ठिव."

दोघींनी दुसऱ्या दिवशी पावलं मोजली, पुलापर्यंत जीपनं जाऊन आल्या.

शनिवारी व्हरांड्यात तक्ते लागले. सरपंच बाळासो, नर्स, गावकरी, आणि पुढच्या खुर्चीत डॉक्टर. समृद्धी बोलायला उभी राहिली. इंग्लंडातल्या बाईला दवाखाना अठरा किलोमीटर, इथल्या बाईला चारशे पावलं.

"बघा!" डॉक्टर खूश झाले. "लिहून घ्या म्हणावं त्यांना."

"अकरा चाळीसला इंग्लंडातली बाई अजून गाडीतच आहे," समृद्धी पुढं म्हणाली, "आणि आपली बाई दारात पोचली आहे. दाराला कुलूप आहे."

बाळासो हसले. "म्हंजी शर्यत जिंकून पारितोषिक न्हाई."

कोणी हसलं नाही. समृद्धीनं पुढच्या वेळा वाचल्या. दोन वाजता इंग्लंडातल्या बाईच्या कुशीत मूल होतं. तीन वाजता इथली बाई पुलावर मेली होती.

"किल्ली ज्याच्याकडे होती," डॉक्टर म्हणाले, "त्याला सेवेतून काढायला हवं होतं. कोण होता तो?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. आठ वर्षं ताईबाई हा क्षण मनात घोळवत होती. त्यात त्यांना आठवत असायचं. तरी ती खांबाजवळून पुढं आली.

"तुमीच, सायेब. दौंडला व्हता, मंगळवार व्हता. बाई म्हंजी माजी राजश्री. आन् कुलूप फोडू दिलं न्हाई ती आय मी. माजंबी नाव लिव, पोरी. पर त्येंच्या खाली."

गिताबाईंनी पदर तोंडाला लावला. डॉक्टर उठले. "समृद्धी, हे खोटं आहे. ही बाई..."

"मंगळवारी तुम्ही दौंडलाच असायचात, पपा," समृद्धी म्हणाली. "मला तिथल्या शाळेतून तुम्हीच आणायचात."

गोरी मुलगी तिचा हात हलवून विचारत होती, काय म्हणाल्या त्या? समृद्धीनं तक्त्यावरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मग ती इंग्रजीत सांगू लागली, एकेक वाक्य सावकाश. ताईबाईला इंग्रजी येत नव्हतं. 'माय फादर' तेवढं कळलं.

दुपारी पाहुण्यांची जीप निघाली. डॉक्टर आपल्या गाडीचं दार उघडून उभे होते. समृद्धी त्यांच्याजवळून गेली आणि जीपमध्ये मागं बसली.

जीप गेल्यावर ते तसेच उभे राहिले. व्हरांड्यातले तक्ते काढणाऱ्या ताईबाईकडं त्यांचं लक्ष गेलं.

"झालं समाधान?"

ताईबाईनं तक्त्याची गुंडाळी केली.

"न्हाई, सायेब. आजून उन्हाळ्यात पोरगी इंग्लंडला जायाचीय. तितंबी हीच केस सांगणार हाय म्हनली."