डावीकडचा खटका

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांचे किस्से रंगवणारा माणूस मी नव्हे. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन वडिलांनी घरातले देव टोपलीत घालून नदीला पोचवले, तेव्हा त्यांच्यासोबत नजर, उतारा, मुंजा हे सगळेच आमच्या घरातून गेले. पुढे मी मास्तर झालो, तोही विज्ञानाचा. गावात कुणाच्या अंगात आलं की लोक मला मुद्दाम कळवत नसत, कारण मी तिथं जाऊन उलटतपासणी घ्यायचो! तर असा मी... आणि तरीही हे लिहितोय. कारण हे भर दुपारी, लख्ख उन्हात, माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

सत्तरचं दशक. गाव इंझोरी. आज वाशिम जिल्हा म्हणतात, तेव्हा आम्ही अकोल्यात होतो. मी नुकतीच एक जुनी मोटारसायकल घेतली होती, साडेतीनशे सीसीची, मोठी टाकी, मागं सामानाला लोखंडी कॅरियर. आधीचे मालक कारंज्याचे मजीदभाई. कॅरियरला कापडाचे गठ्ठे बांधून ते धनज, मानोरा असे आठवडी बाजार फिरायचे. ते वारले आणि त्यांच्या धाकट्या भावानं, रहीमनं, गाडी मला विकली. मजीदभाईंना मी कधी पाहिलेलं नव्हतं.

रहीमनं हेडलाइटवरचा चावीचा खटका दाखवला. “मास्तर, बीच में बंद, दाहिने को चालू. बायें को जोर मत लगाना, सुच टूट जाएगा.”

मी नाही लावला जोर. विज्ञानाचा मास्तर, पण चावी डावीकडं फिरली तर काय होतं हे बघायची छाती नाही! यावरून माझी बायको शोभा मला आजही टोमणे मारते.

एप्रिलात जयंती आली. त्या वर्षी पोरांनी ठरवलं की मिरवणुकीच्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, फोटोभोवती निळे बल्ब लावायचे. वीज कुठून आणणार? मास्तरच्या गाडीची बॅटरी! मीच हौसेनं काढून दिली. बंडी सगळ्या गावात फिरली, बल्ब काय दिसले म्हणता... नजर हटत नव्हती. बॅटरी परत बसवताना तिच्यात काय उरलंय, हा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही, माझ्यासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या मीनाला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. चार वर्षांची पोर. दुपार होता होता तिचे डोळे खोल गेले, रडणंसुद्धा बंद झालं. एसटी निघून गेलेली, बंडीनं जायचं तर संध्याकाळ झाली असती. पोरांनी धक्का मारला, गाडी कशीबशी चालू झाली. शोभा मीनाला मांडीवर घेऊन मागं बसली आणि आम्ही कारंज्याच्या दवाखान्याकडं निघालो.

अर्ध्या वाटेत मीनाला पुन्हा उलटी झाली. मी गाडी थांबवली, आणि सवयीनं चावी बंद केली.

झालं. त्यानंतर किक मारून मारून पाय भरून आला, गाडी ढिम्म. हॉर्न दाबला, तो कण्हलाही नाही. बॅटरी पार बसली होती. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी वावरं, लांबवर सगळं उघडं. माणूस तर सोडाच, कुत्रंही दिसत नव्हतं. शोभा पदर धरून गाडीच्या सावलीत बसली होती. मीनाचे ओठ पांढरे पडलेले. आता आपली पोर आपल्या डोळ्यांदेखत जाणार, असं मला स्पष्ट वाटलं.

आणि मीना बोलली. डोळे मिटलेले, पण आवाज साफ.

“बाबा, थे मामू म्हनून राह्यले... चाबी दाबा अन् डाव्या हाताकडं फिरवा.”

“कोन मामू?” मी विचारलं.

“गाडीपाशी हायेत नं.”

मी गाडीभोवती फिरलो. कुणी नाही. पोर ग्लानीत बरळतेय, असं म्हणून मी पुन्हा किकवर पाय ठेवला.

“काहून आयकत नाई तुमी?” मीना कुरकुरली. “चालू झाली का जाऊ द्या म्हन्तात. पुढं अडखळली का मंग उजवीकडं फिरवा.”

इथं एक सांगायला हवं. मीनाला तेव्हा डावं-उजवं कळत नव्हतं, चपला रोज उलट्यासुलट्या घालायची. शोभाच्याही हे लक्षात आलं. ती ओरडली, “फिरवून पाहा नं! सुच तुटलं तं तुटलं. पोरीपेक्षा मोठं हाय काय थे?”

मी चावी दाबली. ती खाली बसली, आणि डावीकडं अशी अलगद सरकली की रोज तिकडंच जात असावी. किक मारली. पहिल्याच किकला गाडी धडधडली!

मी रडत गाडी चालवली, लाज कसली. कारंजा दिसू लागलं तोच इंजिन फटफट करत अडखळायला लागलं. मागून शोभा किंचाळली, “उजवीकडं!” मी चावी फिरवली, इंजिन सुतासारखं सरळ झालं, आणि आम्ही थेट दवाखान्याच्या दारात.

मीनाला सलाइन लागलं. संध्याकाळी तिनं डोळे उघडून बर्फाचा गोळा मागितला. डॉक्टर हसले. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. अंगावरून डोंगर उतरावा तसं वाटलं.

पुढं एका मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, तो खटका बॅटरी बसल्यावरच वापरायचा. इंजिनाची स्वतःची वीज थेट ठिणगीला मिळते, आणि बॅटरीत थोडा जीव आला की चावी परत उजवीकडं. म्हणजे खटक्याचं उत्तर मिळालं. मामूंचं नाही.

मीनाला घरी न्यायच्या दिवशी आम्ही रहीमकडं गेलो. मी सगळं सांगितलं. मला वाटत होतं तो म्हणेल, हां, हमारे भाई को सब मालूम था. पण तो भिंतीला टेकून खालीच बसला.

“मास्तर, भाई को मालूम होता तो वो आज जिंदा होते,” तो म्हणाला. “उसी रास्ते पे गाडी बंद पडी थी. गठ्ठे के साथ धूप में ढकेलते लाए घर तक. आए और गिर गए. फिर उठेच नहीं.”

मजीदभाईंच्या पत्नी, ज्यांना सगळे भाभी म्हणत, आतून सरबत घेऊन आल्या होत्या. त्यांनी पेला मीनाच्या हातात दिला आणि हळूच विचारलं, “कैसे दिखते थे बेटा, तेरे मामू?”

“दिसले नाई मले,” मीना म्हणाली. “पन लय दमले होते. धाप लागली होती त्याईले.”

भाभींनी तिला पोटाशी धरलं, किती तरी वेळ. मग डोळे पुसून म्हणाल्या, “अब नहीं लगेगी.”

एवढंच. जो खटका त्या माणसाला जिवंतपणी ठाऊक नव्हता, तो त्याला नंतर कसा कळला? की बोलणारे मामू दुसरेच कुणी? मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. मीना आज दोन पोरांची आई आहे, तिला काहीच आठवत नाही. ती म्हणते, “बाबा, तुम्हीच घाबरून चावी फिरवली असेल.” असेलही... पण शोभा नकारार्थी मान हलवते.

आमच्या घरात आजही देव्हारा नाही. पण ती गाडी होती तोवर कुणीही मागायला आलं, की चावी हातात देण्याआधी मी त्याला डावीकडचा खटका दाखवायचो. आणि मनातल्या मनात म्हणायचो, मजीदभाई, यालाही सांगितलं हो.