अकरावा रकाना

भालचंद्र मणेरीकरांनी एकतीस वर्षं शेतीखात्यात काढली आणि तेवढ्या वर्षांत शेताशी आलेला त्यांचा सर्वांत जवळचा संबंध म्हणजे कँटीनमधला मटर-पनीर. मेथी कुठली आणि पालक कुठला, हे पत्नी कुमुदताईंनी जुडी नाकाशी धरल्याशिवाय त्यांना कळत नसे. पण फॉर्म कसा असावा, हे त्यांनाच विचारावं! दोन-चार बिघ्यांत धान्य, भाजी, फळं, म्हैस असं सगळं थोडं थोडं करणाऱ्या लहान शेतकऱ्याला विहिरीसाठी नि पंपासाठी सरकारी अनुदान सुरू झालं, तेव्हा त्या योजनेचा फॉर्म त्यांनीच केला. रजिस्टरात पिकाचा अकरावा रकाना दोन बोटं रुंद. त्यात दोन नावं मावेनात. म्हणून त्यांनी फॉर्मवर छापून घेतलं, ‘पीक एकच लिहावे’. ज्यांनी यादी लिहिली, त्यांचे अर्ज परत. मिश्र शेतीच्या योजनेत पीक मात्र एकच, यात काही चुकतंय असं खात्यात कुणालाच वाटलं नाही. रजिस्टर दृष्ट लागावी इतकं स्वच्छ राहिलं.

निवृत्तीनंतर दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सुटलं आणि मणेरीकर द्वारकेत चौथ्या मजल्यावर राहायला गेले. क्वार्टरच्या मागच्या अंगणात कुमुदताईंचं अळू होतं. तिथल्या बाजारात अरबीचे, म्हणजे अळूचेच, गड्डे हवे तेवढे मिळतात. पानं मागितली की भाजीवाला आपल्याला वेड लागल्यासारखा बघतो. अळू गेलं तशा कुमुदताई महिनाभर गप्प झाल्या. मग एक दिवस म्हणाल्या, “अहो, फंडातून मला दागिना-बिगिना काही नको. जमीन घ्या.”

नजफगडच्या पुढे दोन बिघे घेतले. कुमुदताईंनी वर्षात तिथे चौदा जिन्नस उभे केले आणि कडेला अळू. फक्त स्वतःचं पाणी नव्हतं. शेजारच्या धरमपालची विहीर होती. तो म्हणाला, “पानी ले लो बाबूजी। गाँव का दस्तूर है, बदले में रोज़ सुबह मेरी भैंसों का गोबर उठा देना।” दस्तूर, म्हणजे गावची रीत, म्हटल्यावर प्रश्नच मिटला. माजी सेक्शन ऑफिसर रोज सकाळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून शेणाची पाटी उचलू लागले. त्यांच्या मते ते थोडं थोडं शेतकरी होत होते.

मार्चमध्ये धरमपालनं सांगितलं, की जेठात, ऐन उन्हाळ्यात, विहीर अर्ध्यावर येते, दोन शेतांना पुरायची नाही. तेव्हा भालचंद्ररावांनी स्वतःच्या विहिरीसाठी नि पंपासाठी अर्ज केला. तो आठ दिवसांत परत आला. ते तडक जुन्या ऑफिसात गेले. त्यांच्या खुर्चीवर आता त्यांनीच घडवलेला गुणवंत नावाचा ज्युनियर बसत होता.

“सर, अकराव्या रकान्यात तुम्ही चौदा पिकं लिहिलीत. एकच अलाऊड आहे.”

“अरे यार, मिश्र शेती आहे ती! कुठल्या गाढवानं केला हा रकाना?”

गुणवंतनं खाली मान घालून मूळ फाईल काढली आणि सहीचं पान उघडून समोर ठेवलं. एरवी आपली सही बघून भालचंद्ररावांना बरं वाटायचं. त्या दिवशी त्यांना चहासुद्धा गेला नाही.

संध्याकाळी शेतावर धरमपालनं विचारलं, “क्या हुआ फॉर्म का?” परत आला म्हटल्यावर तो घरात गेला आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आला. आत त्याचे स्वतःचे तीन अर्ज होते. गहू, सरसों, गाजर, पेरू, दोन म्हशी, सगळं वळणदार अक्षरात लिहिलेलं. आणि तिन्हींवर ‘अपूर्ण, सबब परत’. “तीन साल भेजा। किसी गधे ने तीनों बार लौटा दिया। आपका पंप तो फिर भी आ जाएगा, आप बाबू लोग हो।”

खालची सही भालचंद्ररावांनी लांबूनच ओळखली. गप्प बसायचं असतं, तर बसता आलं असतं. खरं सांगितलं, तर उद्यापासून पाणी बंद, आणि आधी जाणार ते अळू. त्यांनी बांधावर बसलेल्या कुमुदताईंकडे पाहिलं. त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी नजर हटवली नाही. भालचंद्ररावांना आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या स्वच्छ रजिस्टराची लाज वाटली.

“धरमपालजी, वो गधा मैं हूँ।”

“पता है,” धरमपाल म्हणाला. “पहले ही दिन नाम सुनके पता चल गया था। पढ़ना आता है मुझे।”

“फिर पानी क्यों दिया?”

“सब्ज़ी ने मेरा क्या बिगाड़ा है?” तो डबा बंद करत म्हणाला. “और गाँव में पानी का कोई दस्तूर-वस्तूर नहीं है, बाबूजी। गोबर तो मैं आपसे इसीलिए उठवाता था। अब रहने दो। एक साल हो गया।”

कुमुदताई इतक्या हसल्या, की त्यांना बांधाला टेकावं लागलं.

त्या आठवड्यात भालचंद्रराव पुन्हा ऑफिसात गेले. अकरावा रकाना पानभर रुंद करण्याचा मसुदा त्यांनी गुणवंतच्या हातात दिला आणि त्यावर दोन अर्ज ठेवले, धरमपालचा वर आणि स्वतःचा खाली. तिन्ही कागद विचाराधीन आहेत.

धरमपालनं ‘रहने दो’ म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोठ्यात आला, तर भालचंद्रराव पाटी घेऊन हजर.

“अरे, कल बोला था ना, छोड़ दो?”

“आपके तीन फॉर्म लौटाए थे,” भालचंद्रराव पँट दुमडत म्हणाले. “साल एक ही हुआ है।”