जास्तच गुळगुळीत दरवाजा

सेवकराम मेश्राम चिखल्याच्या मँगनीज खाणीत लागला तो वर्कशॉपातला हेल्पर म्हणून, एकोणीसशे एकाहत्तर साली. आठ वर्षं त्यानं खाणीच्या ट्रकांचे चेपलेले मडगार्ड ठोकून सरळ केले. ट्रकच्या देखणेपणाचं कोणाला काय पडलेलं असतं? चाकं फिरली, माल पोचला, झालं. पण सेवकरामला पत्र्याचाच नाद लागला. मंगरू नावाचा म्हातारा मिस्त्री त्याला म्हणाला होता, "उजवा हात हातोडीनं बधिर होऊन जाते रे. पत्रा डाव्या हातानं पाहत जा." तेव्हापासून तो डोळे मिटून डावा तळवा पत्र्यावरून फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा खळगा त्या तळव्याला सापडायचा.

पुढं तुमसरला भंडारा रोडवर त्यानं स्वतःचं शेड टाकलं. जीपगाड्या, मेटाडोर, डॉक्टरांच्या मोटारी, काम भरपूर होतं. बायको कुंताबाई दुपारी डबा घेऊन यायची आणि रंगाच्या वासानं नाकाला पदर लावून बसायची. "लुगडं धुतलं तरी वास जाऊन नाई राहिला," म्हणायची, पण यायची रोज.

चौऱ्याऐंशीच्या थंडीत एका सकाळी भय्याजी शेडवर आले. भय्याजींची राईस मिल होती, आणि गाड्यांची हौस अशी की जेवता जेवता इंजिनाच्या गोष्टी सांगायचे.

"सेवकराम, नागपूरले चालता का माह्यासंगं? जर्मन गाडी आहे, मोठी. दलाल म्हणते, कंपनीतून निघाली तशीच्या तशी आहे, पत्र्याले कोनाचा हात नाई लागला. इंजिन मले समजते. पत्रा नाई समजत."

"म्या विलायती गाडी जवळून पाह्यली नाई, भय्याजी."

"पत्रा तं पाह्यला ना?"

एवढ्यावर सेवकरामनं हात धुतले आणि तो निघाला.

नागपूरला दलालाच्या बंगल्यामागच्या गॅरेजात गाडी उभी होती. काळीभोर आणि लांबलचक. ट्यूबलाइटच्या उजेडात अशी चमकत होती की भय्याजी दारातच थबकले. दलाल सफारी सूट घालून किल्ल्या खुळखुळवत होता. सेवकराम म्हणाला, "साहेब, हिले उनात काढा. ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतेत."

दलालाला ते आवडलं नाही, पण गाडी अंगणात आली.

सेवकराम आधी नुसताच चार फेऱ्या फिरला. मग गुडघ्यावर बसला आणि गाडीच्या अंगावर पडलेलं विजेच्या तारेचं प्रतिबिंब पाहत पाहत मागून पुढं सरकला. पत्र्यात कुठं उंच-सखल असेल तर अशी रेघ तिथं थरथरते. इथं ती ओढून धरल्यासारखी सरळ गेली. बोनेटच्या आणि दरवाजांच्या फटीत त्यानं खिशातलं पोस्टकार्ड दुमडून सरकवलं. सगळीकडं ते सारखंच बसलं, कुठं सैल नाही, कुठं अडलं नाही. दरवाजा उघडून त्यानं चौकटीचं रबर थोडं सोलून पाहिलं, तर आत वेल्डिंगचे ठिपके कोणी मोजून मांडल्यासारखे होते. जिथं कोणाची नजर जाणार नाही अशा कोपऱ्यातही रंग बाहेरच्या इतकाच नीट बसला होता. सेवकरामला भरून आलं. कुठल्या दूरच्या कारखान्यात कोणा माणसानं हे इतकं मन लावून केलं होतं!

आता त्यानं डोळे मिटले आणि डावा हात फिरवायला घेतला. बोनेट, पुढचा दरवाजा, मागचा दरवाजा. तिथं हात थांबला. पुन्हा पुढच्या दरवाजावर, पुन्हा मागच्या. दलालाचं किल्ल्या खुळखुळवणं बंद झालं.

"काय झालं?" भय्याजींनी विचारलं.

"ह्या मागच्या दरवाजाचा रंग कंपनीचा नोहे."

दलाल हसला. "अहो, सगळ्यात चांगला दरवाजा तोच आहे! आरसा आहे आरसा. तोंड पाहून घ्या."

"म्हनूनच म्हणतो," सेवकराम शांतपणे बोलला. "भय्याजी, आडवे होऊन पाहा. बाकीच्या गाडीवर रंगाले बारीक रवा आहे, संत्र्याच्या सालीवर असते तसा. कंपनीत फवाऱ्यानं रंग मारते, तो असाच वाळते. कारखान्यात सगळं अंग घासत बसाले कोनाले वेळ आहे? हा दरवाजा मातर कोन्या कारागिरानं पाण्यानं घासून घासून काचेसारखा केला. जास्तच गुळगुळीत आहे."

मग त्यानं फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं. पुढच्या दरवाजाला ते टचकन चिकटलं. मागच्याला खालच्या अंगाला हातभर जागेत धरलं तर अलगद घसरून पडलं. रंगाखाली खळगा भरायची पुट्टी होती.

भय्याजींचा चेहरा उतरला. "चला सेवकराम. खोटं बोलनाऱ्याची गाडी नाई घ्याची."

"थांबा भय्याजी." सेवकराम दरवाजाच्या बिजागरीपाशी वाकला होता. "बिजागरीच्या बोल्टावर कंपनीचा रंग अजून अखंड आहे. मंजे दरवाजा कधी काढला नाई. चौकटीले धक्का नाई, फट सारखी आहे. नुसतं वरतून कुठंतरी घासलं असंन. मानूस खोटं बोलला, गाडी खोटी नाई. घ्या तुमी."

दलालानं रुमालानं कपाळ पुसलं आणि कबूल केलं. गेटमधून निघताना खांबाला दरवाजा घासला होता. दोन वर्षं झाली, शंभर जणांनी गाडी पाहिली, कोणाला कळलं नव्हतं.

"काम कोनाचं आहे?" सेवकरामनं विचारलं.

"इतवारीतल्या गोपीचंदचं. काहून?"

"मले त्याले भेटाचं आहे."

गाडीचा सौदा उरकला आणि भय्याजी त्याला त्याच गाडीतून इतवारीत घेऊन गेले. गोपीचंद साठीचा, वाळका, भुवयांवर रंगाचे कण बसलेला. सेवकरामनं दरवाजा ओळखला म्हटल्यावर त्यानं आधी संशयानं पाहिलं. "दलालानंच सांगतलं असंन."

"नाई बाबा. तुमचा हात कंपनीपेक्षा चांगला आहे, म्हनून सापडला."

गोपीचंद एवढा खळखळून हसला की त्याला ठसका लागला. "चाळीस वर्षांत चूक काढनारे लय भेटले. चांगलं केलं म्हनून पकडनारा तूच पहिला!" त्यानं स्टूल पुढं ओढलं, चहा सांगितला. मग म्हणाला, "मले रवा उठवता येते रे. पन हाताचं मन मानलं नाई. काचेसारखं झाल्याशिवाय सोडवलं नाई."

"मले शिकवा."

भय्याजींना नव्या गाडीतून फिरायचंच होतं. ते संध्याकाळपर्यंत नागपूर पालथं घालत राहिले. इकडं गोपीचंदनं एका जुन्या मडगार्डावर सेवकरामला हवेचा दाब किती ठेवायचा, फवारा वीतभर लांब धरायचा की दीड वीत, रंग किती पातळ करायचा, आणि मुख्य म्हणजे कुठं हात थांबवायचा ते दाखवलं. शेवटचं सगळ्यात अवघड निघालं. सेवकरामचा हात घासायला आपोआप पुढं जायचा आणि गोपीचंद मनगटावर चापट मारायचा. "राहू दे. जसं आहे तसं राहू दे."

घरी आल्यावर कुंताबाईनं विचारलं, "काय आनलं नागपूरहून?"

"एक उस्ताद भेटला," सेवकराम म्हणाला, आणि जेवण थंड होईपर्यंत रव्याबद्दलच बोलत राहिला.

महिनाभर त्यानं टिनाच्या जुन्या पत्र्यांवर सराव केला. पुढं चिखल्याच्या खाणीतल्या साहेबाच्या मोटारीचा चेपलेला दरवाजा त्यानं केला, तेव्हा मोटार घ्यायला आलेल्या ड्रायव्हरनं विचारलं, "हो, पन कोनता दरवाजा होता?" त्या दिवशी सेवकरामनं शेडवरच्या सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली. भंडारा, गोंदियापासून लोक गाडी घेण्याआधी त्याला सोबत न्यायला लागले. जे दिसलं ते तो सांगायचा, वाईटही आणि चांगलंही, आणि घेणाऱ्याइतकेच विकणारेही त्याला बोलवायचे.

सत्याऐंशीत गोपीचंदची नजर अधू झाली, इतवारीतलं दुकान बंद पडलं. सेवकराम जाऊन त्याला तुमसरला घेऊन आला. पंधरा दिवसांसाठी म्हणून आलेला म्हातारा मग राहूनच गेला. कुंताबाई त्यालाही डबा आणायची. तो शेडसमोर बाजेवर बसायचा, आणि तयार झालेली गाडी आधी त्याच्यापुढं नेऊन उभी करायचे. तो उठायचा, चष्मा काढून ठेवायचा आणि डाव्या हातानं सावकाश पत्रा चाचपत गाडीभोवती फिरायचा.